सीटी स्कॅन आणायचं ठरलं तेव्हा

आमच्या एक्स-रे विभागात प्रत्येक फिल्मवर नंबर पडायचा आणि ती कपाटात जायची. किस्से मात्र कुणी फाइल केले नाहीत. त्यामुळे आम्ही जुनी मंडळी कुठं लग्नात-बारशात भेटलो की ते एकामागून एक बाहेर पडतात. पंगत उठून जाते, आम्ही तिथंच.

मी तेव्हा लातूरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात टेक्निशियन होते. जिल्हा नवाकोरा. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, पण डोक्याला मार लागलेला पेशंट आला की आमचे सर्जन पाठक सर म्हणायचे, "हैदराबादला न्या." एकदा एक मास्तर वाटेतच गेले. दुसऱ्या दिवशी सर ट्रस्टच्या मीटिंगमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "सीटी स्कॅन पाहिजे."

ट्रस्टचे अध्यक्ष शिवलिंगअप्पा. उदगीरचे, धान्याची आडत, कपाळावर विभूती. ते म्हणाले, "एक्स-रे हायच की आपल्याकडं. आणखी कशाला?"

सरांनी अर्धा तास किरणं, कॉम्प्युटर, सगळं समजावलं. अप्पांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हंजे पोतं न फोडता तळाचा माल दिसतो. असंच न्हवं?"

"असंच."

"मग घ्या. बाहेरून समदी पोती सारखीच दिसत्यात."

* * *

पहिल्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला, टाय लावून. त्याच्या मशीनचे फोटो एवढे सुरेख, की सर तिथंच पाघळले. मग तो हळूच म्हणाला, "फक्त एक आहे. मशीन गरम होतं. थंड ठेवायला सतत पाणी लागतं."

ते दुष्काळाचं वर्ष. आमची बोअर फेब्रुवारीतच आटली होती. शेवंतामावशी वॉर्डातल्या आया. त्या चहा द्यायला आल्या होत्या, त्या ट्रे धरून थांबल्या.

"रोज लागतं?"

"रोज."

"आमच्या बाळंतिणीला चार दिवसाला एक बादली मिळायली, साहेब. तुमच्या मशीनला म्हणावं, नंबर लाव."

सरांनी ती फोटोंची फाइल स्वतःच्या हातानं मिटून परत दिली.

* * *

दुसऱ्या कंपनीचं मशीन हवेवर थंड व्हायचं. फोटो जरा पुसट, पण पाण्याचा प्रश्न नाही. त्यांच्या माणसाला काळजी विजेची. त्यानं वीज मंडळाच्या इंजिनिअरसाहेबांना बोलावून विचारलं, "इथं व्होल्टेज किती असतं?"

साहेब सज्जन माणूस. म्हणाले, "तुम्हाला किती पाहिजे ते सांगू नका. किती कमी झालं की मशीन बंद पडतं, तेवढं सांगा."

पुढं मशीनच्या आधी कपाटाएवढा स्टॅबिलायझर आला.

* * *

ऑर्डर देण्याआधी तेच मशीन चालू असलेलं बघायला आम्ही हैदराबादला गेलो. सर, अप्पा आणि मी. तिथल्या डॉक्टरांनी सगळं दाखवलं. अप्पांनी चपला काढल्या, टोपी माझ्या हातात दिली आणि थेट टेबलावर आडवे झाले.

"अप्पा, हे काय करताय?" सर म्हणाले.

"माल घ्यायच्या आधी तपासून घेतो मी. चालू करा."

रिपोर्ट नॉर्मल आला. ती फिल्म अप्पांनी आडतीत महादेवाच्या फोटोशेजारी टांगली. कुणी हुज्जत घालायला लागलं की ते वर बोट दाखवायचे. "आमच्या डोक्यात काई बिघाड न्हाई. लेखी हाय. तुमचं काय ते दाखवा."

* * *

मशीन बसलं. पेशंट आत, मी काचेबाहेर माइकवर. पोटाचा स्कॅन काढताना श्वास रोखायला सांगावा लागतो. "श्वास रोखा" हे आमच्या लोकांना कळेना, म्हणून मी सोपं केलं, "बाबा, दम धरा."

आतून आवाज आला, "सकाळी आठला आलोय बाई. आणखी किती धरू?"

* * *

मशीनला महिना झाला असेल. दुष्काळी कामावर खडी फोडणारी एक बाई आणली, निलंग्याकडची. दरड डोक्यावर पडलेली, शुद्ध नाही. बरोबर नवरा, त्याच्या सदऱ्यावर तिचं रक्त.

मी स्कॅन काढला. सरांनी फिल्म उजेडात धरली आणि त्याला जवळ बोलावलं. "इथं रक्त साचलंय. आत्ताच काढावं लागेल."

तो फिल्मकडे बघत राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, सकाळी आमचं भांडण झालतं. लई बोललो मी तिला. ते दिसतंय का ह्यात?"

सरांनी फिल्म खाली ठेवली. "नाही. ते दिसत नाही."

सरांनी तासाभरात ऑपरेशन केलं. दोन दिवस ती तशीच होती. सर म्हणायचे, जगेल, पण माणसं ओळखेल का ते सांगता येत नाही. नवरा पायथ्याशी बसून. मावशींनी भाकरी दिली तर हातात धरून ठेवायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर राउंडला निघाले, मी मागे होते. तो वॉर्डातून अनवाणी पळत आला. डोळ्यांतून पाणी, आणि हसतोय. सरांचा हातच धरला त्यानं.

"साहेब, डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, अन् तोंड फिरवलं. राग हाय अजून. समदं ठीक हाय."