बर्फात जपलेली गाठ

पॅथॉलॉजीतच जायचं हे मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षालाच ठरवून टाकलं होतं, आणि त्याचं कारण काही फार थोर नव्हतं. मला माणसांशी बोलायचा कंटाळा होता. वॉर्डात पेशंटपेक्षा नातेवाईक जास्त बोलतात, आणि आमच्याकडे बोलतात म्हणजे ओरडतातच. काचपट्टी ओरडत नाही. मायक्रोस्कोपखाली ती निमूट पडून राहते आणि विचारलं तेवढंच सांगते. बावड्याच्या घरी आत्या मला छळायची, ‘‘हातात इंजेक्शन न्हाय, ती कसली गं डाक्टर?’’ मी म्हणायचे, ‘‘तुला टोचायला लागू नये म्हणूनच.’’

कॉलेजातल्या सरांनी मात्र आधीच बजावलं होतं, की नुसत्या मार्कांवर पॅथॉलॉजिस्ट होता येत नाही. सुट्टीत एखाद्या लॅबमध्ये जाऊन बसा, बघा, हात घाण करा. म्हणून मी कोल्हापूर शहरातल्या एका मॅडमांच्या लॅबमध्ये जाऊन धडकले. त्यांनी मला बरेच दिवस टोलवलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘‘ये. पण मधेमधे करायचं नाही.’’

त्यांचा एक नियम होता. आधी निरोगी बघायचं. मला कॅन्सर बघायची घाई, आणि त्या माझ्यासमोर रोज चांगल्या, धडधाकट अवयवांच्या पट्ट्या ठेवायच्या. ‘‘घरातलं माणूस नीट ओळखता आलं की परका आलेला लगेच कळतो,’’ म्हणायच्या. मी मनातून वैतागायचे, पण हळूहळू डोळा बसायला लागला. एके दिवशी एका पट्टीत काहीतरी बिनसलंय हे त्यांनी सांगायच्या आधी मला दिसलं, तेव्हा घरी जाताना मी गाडीवर चक्क गाणं म्हणत होते.

पट्ट्या बघून झाल्या की मी बाहेरच्या टेबलावर बसून आलेल्या बाटल्या घ्यायचे. छोट्या गावात ऑपरेशन झालं की काढलेली गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवतात आणि बाटली नातेवाइकांच्याच हातात देतात. मग ते एसटीनं कोल्हापूरला घेऊन येतात. फॉर्मलिननं नाका-डोळ्यांतून पाणी येतं, पण त्यात पेशी होत्या तशा राहतात. त्याच्याशिवाय त्या विरघळायला लागतात.

त्या सोमवारी कुरुंदवाडकडचा एक माणूस आला. माझ्या बाबांच्या वयाचा, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. बायकोच्या स्तनातली गाठ शनिवारी काढली होती आणि रविवारी लॅब बंद. त्यानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला दुधाचा छोटा कॅन काढला. कॅनमध्ये बर्फ आणि बर्फात बाटली.

‘‘घ्या ताई. जरा बी कोमट होऊ दिलं न्हाय.’’

मी झाकण उघडलं. वास आलाच नाही. आत स्वच्छ पाणी होतं आणि पाण्यात ती गाठ, फिकट आणि लिबलिबीत.

‘‘यातलं औषध कुठंय?’’

‘‘त्ये व्हय? लई झोंबत हुतं डोळ्यांत. माणसाच्या अंगाचं हाय, असल्या जाळात कसं ठेवायचं? वतून टाकलं. चांगलं धुतलं आन् डेअरीच्या डीप फ्रीजमधी ठिवलं. कडक बर्फ झालता बघा. दुधासारखंच की, गारव्यात ऱ्हायलं म्हंजे नासत न्हाय.’’

त्यानं हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. आयुष्यभर म्हशी सांभाळलेला माणूस. नासणारी वस्तू कशी जपायची, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण गोठताना पेशींमधल्या पाण्याचा बर्फ होतो आणि तो त्यांना फाडून टाकतो, हे त्याला कोण सांगणार? बाटली हातात देताना कुणी एवढंही म्हणालं नव्हतं की हे ओतू नका. मला भयंकर राग आला आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं.

मॅडमनी बाटली बघितली आणि नुसत्या ‘‘अरे देवा’’ म्हणाल्या. मग गाठ ताज्या फॉर्मलिनमध्ये टाकली. पट्ट्या तयार झाल्या तेव्हा त्यांनी मला मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीला डोळा लावायला सांगितला. सगळीकडे भोकं पडली होती. पेशींच्या कडा पुसल्या गेल्या होत्या. एका कोपऱ्यात काही केंद्रकं मोठी, गडद वाटत होती. ती रोगानं तशी झाली होती की बर्फानं, ते कळत नव्हतं. मॅडमनी गाठीचे आणखी तुकडे घेतले, आणखी पट्ट्या केल्या, एका पॅथॉलॉजिस्ट मित्रालाही दाखवल्या. निरोगी कसं दिसतं ते मी शिकले होते, रोग कसा दिसतो तेही शिकत होते. हे तिसरं काय होतं, ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

‘‘पेशंटकडून दुसरा तुकडा मागवता येईल?’’ मी विचारलं.

मॅडमनी सर्जनला फोन केला होता. गाठ अख्खी निघाली होती, मागे काही उरलं नव्हतं. आता तपासण्या करत राहायचं, वाटलंच तर त्या जागेचा पुन्हा नमुना घ्यायचा, आणि वाट बघायची.

रिपोर्टला नवराबायको दोघंही आले. मॅडमनी सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं, की गाठ कॅन्सरची होती की नाही ते सांगता येत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि बायकोकडे एकदा बघून विचारलं, ‘‘बर्फात ठिवलं म्हणून येवढं तरी टिकलं, न्हवं?’’

मला वाटलं, मॅडमनी ‘हो’ म्हणावं. पण पुन्हा नमुना घ्यायची वेळ आली असती, तर त्यानं तोही बर्फातच ठेवला असता. त्यांनी खरं सांगितलं, की बर्फानंच पेशी फाटल्या. त्याचा चेहरा मला बघवेना. तो खाली मान घालून टॉवेलाची घडी घालत राहिला, उलगडत राहिला.

त्याची बायकोच कडाडली. ‘‘त्यास्नी काय म्हंता? बाटली देताना तोंड उघडलं असतं कुणी, तर काय बिघडलं असतं? रातचं बी उठून डेअरीवर जाऊन बघून यायचं ते.’’

तो खाली रिक्षा बघायला गेला. जिन्याशी तिनं माझा हात धरला. आता आवाज अगदी खाली आला होता.

‘‘तू इथंच शिकतीयास न्हवं? तू तरी सांग. मी आजारी हाय का न्हाय?’’

एवढ्याच प्रश्नाचं उत्तर देता यावं म्हणून मी त्या लॅबमध्ये बसत होते.

‘‘मला माहीत नाही, मावशी.’’

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मलाच वाईट वाटू नये म्हणून की काय, माझ्या हातावर थोपटलं.

‘‘असू दे बाळ. अजून शिकतीयास. शिकलीस की कळंल.’’

ती कठडा धरून एकेक पायरी उतरत गेली. आत मॅडम पुन्हा तीच पट्टी लावून बसल्या होत्या.