दहा फेऱ्यांना सत्तर

१९४३ च्या पावसाळ्यात माझं पोस्टिंग कराडला होतं. माझं घर कोरेगाव तालुक्यात, म्हणजे फौजेनं मला जवळपास अंगणातच उभं केलं म्हणायचं. नदीकाठी आमच्या वर्कशॉपचे तंबू होते. मी ड्रायव्हर, लान्स नाईक. ब्रह्मदेशाच्या चिखलात जाणारे ट्रक आधी इथल्या घाटांत चालवून पाहायचे, हे आमचं काम.

आमचा फिटर नाईक पायगोंडा, सांगलीजवळचा जैन शेतकरी. वयानं मोठा, म्हणून सगळे त्याला आण्णा म्हणत. तो दिवस मावळायच्या आत जेवायचा. लंगरवाला त्याची भाकरी वेगळी काढून ठेवी. त्याच्याएवढा कमी बोलणारा आणि चोख काम करणारा माणूस मी नंतर कधी पाहिला नाही.

जुलैत एका फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकची बॉडी वर उचलली आणि त्याला मोठे टायर चढवले. ट्रक दिसायला तालमीतल्या पैलवानासारखा झाला. चिखलातून मस्त निघाला, पण पहिल्याच घाटात पहिल्या गिअरमध्येही धापा टाकत बंद पडला. कॅप्टन साहेब इंग्रज होते. म्हणाले,

"टायर निकालो."

"साहब, एक दिन दीजिए," आण्णा म्हणाला.

"कल शाम पाँच बजे. बस."

आण्णानं दोरीनं टायरचा घेर मोजला. जुना अकरा वीत, नवा साडेबारा. मग चाकं जॅकवर उचलून खडूनं खूण केली. चाकाच्या दहा फेऱ्यांना इंजिनाकडून येणारा शाफ्ट साठ फेऱ्या घेत होता. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढं जाते आणि तो भार इंजिनावर येतो. यावर इलाज एकच, ॲक्सलमधले दातेरी गिअर बदलायचे. शाफ्टच्या फेऱ्या वाढल्या की जोर वाढतो, पण वेग कमी होतो. मोडीतल्या गाड्यांत आम्हाला दोन तऱ्हेचे गिअर मिळाले. एक सत्तर फेऱ्यांचे, दुसरे ऐंशीचे.

"आण्णा, ऐंशीचं घाला," मी म्हणालो. "भिंत चढंल गाडी."

"चढंल. खरं सपाटीला काय करशील?" त्यानं विचारलं. "गुऱ्हाळ बघितलंयस न्हवं? बैल जुंपायचं लाकूड लांब केलं की बैल दमत न्हाईत, खरं चरक सावकाश फिरतोय. तोडलेला ऊस वाळतोय. आखूड केलं की बैल बसत्यात. गड्या, बैल बी बसाय नगं आन ऊस बी वाळाय नगं."

मी चारचौघांत त्याची टिंगल केली. फिटर की गाडीवान, असंही म्हणालो. त्याची आज लाज वाटते. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही ॲक्सलना आण्णानं सत्तरचेच गिअर बसवले. दुसऱ्या दिवशी पाचला दहा मिनिटं कमी असताना ट्रक तयार होता.

अकरा दिवसांनी, दुपारी एक वीसला वायरलेस बोलू लागला. कुंभार्ली घाटात सरावाला गेलेल्या प्लाटूनवर दरड कोसळली होती.

"तीन जखमी. एकाची मांडी फुटली आहे. आमच्या दोन्ही गाड्या रुतल्या. ओव्हर."

"त्याचं नाव?" आमच्या सेटवाल्यानं विचारलं.

शिपाई दत्तू. माझा चुलतभाऊ.

आमचे डॉक्टर साहेब सेटवर म्हणाले, "रक्त थांबायला मांडीला पट्टा आवळून ठेवा. सहाच्या आत माझ्या टेबलावर आणा. नंतर उपयोग नाही."

दीड वाजता आम्ही निघालो. आण्णा माझ्या शेजारी बसला. रुतलेल्या गाड्यांना वळसा घालून आमचा ट्रक गुडघाभर चिखलातून घाटात उतरला. जखमींना चढवून चार दहाला परत फिरलो. चढ सुरू झाला. इंजिन घोगरं झालं, पण बंद पडलं नाही. मी आण्णाकडं पाहिलं. तो डोळे मिटून शाफ्टचा आवाज ऐकत होता.

पावणेपाचला माथा आला. पुढं सगळा उताराचा आणि सपाटीचा रस्ता. मी थ्रॉटल तळाला दाबला. इंजिन नुसतं किंचाळत होतं, तरी काटा बत्तीस मैलांच्या वर जाईना.

पाच पंचावन्नला दत्तू टेबलावर होता. तो वाचला. पाय जरा आखूड राहिला, एवढंच. माझ्या मनासारखे ऐंशीचे गिअर असते, तर इंजिनाची तेवढीच किंचाळी ऐकत आम्ही दहा मिनिटं उशिरा, म्हणजे सहा वाजून गेल्यावर पोचलो असतो. हा हिशेब मी तिथं तंबूबाहेर उभा राहून केला आणि आण्णाकडं गेलो.

"आण्णा, तुमी व्हता म्हणून..."

"माझी भाकरी कुठं हाय बघ," तो म्हणाला. "दिस बुडाय आलाय."

पुढच्या वर्षी तोच ट्रक घेऊन आम्ही ब्रह्मदेशात गेलो. एका सकाळी गोळाबारीत ट्रक अडला. आण्णा ट्रकखाली सरकला. वीस मिनिटांनी ओरडला, "मार सेल्फ." मी स्टार्टर दाबला, इंजिन सुरू झालं. तो बाहेर येत असतानाच बाजूला शेल पडला. ट्रकमधले आम्ही चौदा जण वाचलो. त्याला आम्ही रस्त्याच्या कडेला अग्नी दिला. त्याच्या खिशात खडू होता.

१९४६ ला सुटून आलो. गुऱ्हाळाच्या दिवसांत मी आणि दत्तू आण्णाच्या गावी गेलो. त्याचे वडील चरकापाशी होते. मी त्यांना सत्तर आणि ऐंशीची सगळी गोष्ट सांगितली. म्हातारा ऐकून उठला आणि आम्हाला बैलांच्या लाकडापाशी घेऊन गेला. लाकडावर एक खोल खाच होती.

"ही खूण पायगोंडाची. बैल कुठं जुंपायचं ते फौजंत जायच्या आदी मोजून केलीया. लाकूड दोनदा बदललं, खूण तितंच ठेवलीया."

बैल सोडलेले होते. दत्तू लंगडत गेला, बैल घेऊन आला आणि त्या खाचेत दोर अडकवून त्यानं ते जुंपले.