माकडं गप्प झाली ती सकाळ

त्या हिवाळ्यात आमची कंपनी आसामात होती, उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी. चहाचे मळे संपले की सालवृक्षांचं जंगल लागायचं आणि त्या जंगलातून आमच्या पोस्टकडे येणारा एकच रस्ता होता. मी हवालदार होतो, एका सेक्शनचा कमांडर. हाताखाली दहा जवान. त्यांतला एक लान्स नायक मारोती. तो लोधीखेड्याजवळच्या खेड्यातला, मी सौंसरचा. घरापासून इतक्या लांब आपल्या बोलीत बोलणारा माणूस भेटला की तो घरचाच होतो. ड्युटीवर तो मला 'उस्ताद' म्हणायचा, एरवी 'देवरावभाऊ'.

ही हकीकत मी सौंसर आणि पांढुर्ण्याच्या शाळांमध्ये बऱ्याचदा सांगितली आहे. झेंडावंदनाला माजी सैनिक म्हणून बोलावतात, शाल देतात, मग मुलांना दोन शब्द सांगा म्हणतात. दर वेळी मी ती चुकीची सांगितली. आता ती घडली तशी लिहितो.

आमचं रोजचं काम रोड ओपनिंगचं होतं. कंपनीच्या गाड्या निघण्याआधी सेक्शनने पायी चालून रस्ता तपासायचा, दोन्ही बाजूंच्या जंगलात बंडखोर दबा धरून नाहीत ना ते पाहायचं आणि वायरलेसवर रस्ता खुला असल्याचं कळवायचं. तोपर्यंत गाड्या उभ्या राहत. सर्वांत पुढे चालणाऱ्याला पॉईंट स्काउट म्हणतात. आमचा पॉईंट स्काउट बहुतेक वेळा मारोतीच असे. त्याची नजर चांगली होती आणि पाय हलके पडायचे.

त्याला एक सवय होती. जनावर दिसलं की ते काय विचार करत असेल हे तो त्याच्या वतीने बोलून दाखवायचा, आणि तेही आपल्या बोलीत. लहानपणी तो घरच्या संत्र्याच्या बगीच्यात वानेरं हाकलायला बसायचा. दिवसभर दुसरं कोणी बोलायला नसे, तेव्हा वानेरांशीच बोलायचा आणि त्यांच्या वतीने उत्तरही द्यायचा. पलटणीत कोणी चिडवलं तर म्हणायचा, "माह्यं नावच मारोती हाय बे. ते माह्ये पाहुणेच लागतात."

एकदा जंगली हत्तीने कंपनीच्या गाड्या अडवल्या. हत्ती रस्त्याच्या मधोमध उभा राहून बांबू खात होता. मारोती गाडीतून हळूच म्हणाला, "'काहून हॉर्न वाजवून राहिला बे? माह्या आज्याचा रस्ता हाय हा. जेवण होऊ दे, मंग जातो.'" सगळी गाडी हसली. कॅप्टन साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी मला अर्थ विचारला आणि तेही हसले. तेव्हापासून ते विचारायचे, "मारोती, आज हाथी क्या सोच रहा है?" आमच्या बराकीत एक मोठी पाल होती. तिकडच्या पाली एका सुरात आठ-दहा वेळा ओरडतात. ती ओरडायला लागली की मारोती म्हणायचा, "सुबेदार साहेब हाय तो. आपली गिनती करून राहिला."

त्या दिवशी सकाळी धुकं होतं. गाड्यांमध्ये सुटीवर जाणारे आमचेच जवान होते आणि त्यांना रेल्वे गाठायची होती. आम्हाला निघायला उशीर झाला होता. कॅप्टन साहेबांनी वायरलेसवर दोनदा विचारलं.

नाल्याच्या पुढे रस्ता डावीकडे वळतो. वळणाच्या अलीकडे आम्ही होतो तेव्हा पलीकडून एक भेकर भुंकलं. लगेच तिथल्याच झाडांवरची माकडं ओरडली. चार-पाचदा ओरडली आणि एकदम गप्प झाली.

मारोतीने मूठ वर केली. ती थांबण्याची खूण आहे. सगळे थांबले. मी वाकून त्याच्यापर्यंत गेलो.

"काय आहे?"

"माकडं बोलली, उस्ताद."

"बिबट्या असेल. गेला म्हणून थांबली."

त्याने मान हलवली. मग झाडांकडे पाहत, ओठातल्या ओठात म्हणाला, "'चूप बसा रे सारे. खाली बंदूकवाला हाय.'"

"नाटक पुरे झालं तुझं."

"नाटक नाही, देवरावभाऊ." ड्युटीवर त्याने मला अशी हाक कधी मारली नव्हती. "बिबट्या असता तं त्याले शिव्या देल्या असत्या. तो दूर जाईपर्यंत देल्या असत्या. हे तं दबून बसले. आपल्याले पाहून रोज असेच दबतात."

"मग आपल्यालाच पाहून दबले."

"आपण तं अजून वळणाच्या इकडंच आहो. त्याईले दिसलोच कुठं?"

माझं काय चुकलं ते सांगतो. आमच्याकडची वानेरं माणसाला भीत नाहीत. बगीच्यात गोफण घेऊन मागे लागलं तरी ती फांदीवर बसून संत्रं सोलतात आणि वरून दात दाखवतात. माणसाला पाहून वानेर गप्प बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आसामच्या त्या जंगलात मात्र बंदूक घेऊन फिरणारे लोक माकडंही मारत. तिथल्या माकडाला माणूस म्हणजे काय ते माहीत होतं. जंगल न पाहिलेला शहरातला हवालदार असता तर त्याने आवाज ऐकून नियमाप्रमाणे सेक्शन थांबवला असता आणि वळणाला वळसा घालायला दोन माणसं पाठवली असती. मी सौंसरचा. मला वाटलं, जंगल मला कळतं.

वायरलेस वाजला. "अल्फा टू, रिपोर्ट. ओव्हर."

मी म्हणालो, "अल्फा टू. जानवर की आवाज़ है. आगे बढ़ रहे हैं. ओव्हर."

"जल्दी करो. गाड़ियाँ खड़ी हैं. आउट."

मी मारोतीला म्हणालो, "आगे बढ़."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ठीक, उस्ताद," म्हणाला आणि निघाला. रस्त्याचा मध्य सोडून तो डाव्या कडेने गेला, जिकडे माकडं होती तिकडे. रायफल त्याने आधीच खांद्याला लावली होती.

वळणावर गोळ्यांचा पहिला बर्स्ट त्याचाच होता. तो ऐकून आम्ही सगळे आडवे झालो. त्यानंतर समोरून फायर आलं. तो पहिला बर्स्ट झाला नसता तर आम्ही उभे सापडलो असतो. आम्ही उत्तर दिलं. थोड्या वेळाने ते लोक जंगलात मागे सरकले. माझ्या बाकीच्या माणसांना खरचटलंही नव्हतं.

मारोती रस्त्याच्या कडेला पडला होता. गोळी गळ्याच्या खाली लागली होती. मी पोचलो तेव्हा तो गेला होता. मी तिथे बसलो आणि वर पाहिलं. माकडं होती. पानाआड एकमेकांना चिकटून बसली होती. आम्ही त्याला उचलून नेईपर्यंत त्यांतलं एकही ओरडलं नाही.

नंतर चौकशी झाली. मागच्या जवानांनी सांगितलं की फायर येण्याआधी पुढून बोलण्याचा आवाज आला होता. साहेबांनी मला विचारलं, पॉईंट स्काउट बोलत होता का? मी म्हणालो, "साहब, उसको आदत थी. जानवरों की बोली निकालता था."

त्याने मला थांबायला सांगितलं होतं, हे मी सांगितलं नाही. मला कोणी विचारलंही नाही. मारोतीच्या आवाजाने शत्रू सावध झाला, असा अर्थ निघाला. सुटीवर गेलेल्या जवानांबरोबर ती गोष्ट आमच्या भागात पोचली आणि पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलं. वानेराची नक्कल करता करता गेला, असं लोक म्हणू लागले.

त्याच्या घरी मीच गेलो. वच्छलावहिनीने माझ्याकडून त्याची पेटी घेतली, आत ठेवली आणि बाहेर येऊन एकच गोष्ट विचारली. "भाऊजी, खरं सांगा. तेव्हाबी ते नकला करून राहिले होते का?"

मी म्हणालो, "होता, वहिनी. पण शूर होता."

त्यांची मुलगी शालू तेव्हा चार वर्षांची होती. अंगणात उभी राहून ती बगीच्यातल्या वानेराला काहीतरी म्हणाली, अगदी बापासारखी मान तिरपी करून. वहिनीने तिला थोबाडीत मारली. त्यानंतर त्या घरात जनावरांचं बोलणं कोणी केलं नाही.

मी पेन्शनवर घरी आलो. वहिनींना दर वर्षी जामसांवळीच्या मारोतीच्या दर्शनाला मीच घेऊन जायचो. वाटेत सांगू, असं दर वर्षी ठरवायचो. वहिनी देवळात हात जोडून उभ्या राहिल्या की मी बाहेर चपलांजवळ थांबायचो. मागच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

शालू आता पांढुर्ण्याच्या शाळेत शिक्षिका आहे. या हिवाळ्यात तिच्या शाळेतल्या शिक्षकांनी जंगल सफारी ठरवली. एक जागा रिकामी होती. ती माझ्या घरी आली. "काका, चाला नं माह्यासोबत. आई गेल्यावर बाबाले जवळून ओळखणारं आता तुमच्याशिवाय कोण राह्यलं?"

उघड्या जिप्सीत आम्ही सहा जण होतो. पुढे गाईड बसला होता. चितळांचा कळप दिसला तेव्हा गजभिये सर म्हणाले, "'हे पाह्य, आले पुन्हा हिरवे कपडे घालून. झाडं समजू का आपण याईले?'" सगळे हसले. त्यांनी मग मोर झाला, रानडुक्कर झालं. शालू दुसरीकडे पाहत होती. सरांनी वानेराचा आवाज काढला तेव्हा ती म्हणाली, "सर, ते नका करू." तिचा आवाज ऐकून सर ओशाळले.

तेवढ्यात खरंच एक वानेर खाकरलं. गाईडने बोट ओठांवर ठेवलं. "कॉल है. टायगर है इधर."

वानेर सागाच्या शेंड्यावर होतं. खाली एका जागी नजर लावून ते पुन्हा पुन्हा ओरडत होतं. गवतातून वाघीण बाहेर आली. आमच्याकडे न पाहता तिने रस्ता ओलांडला. सगळ्यांचे मोबाईल तिच्याकडे होते. मी वर पाहत होतो. वाघीण झुडपात शिरली, दिसेनाशी झाली, तरी वानेर थांबलं नाही. फांदी बदलून, तिच्या मागे मागे जात, ते ओरडतच राहिलं. तो दूर जाईपर्यंत शिव्या देल्या असत्या, असं मारोती म्हणाला होता.

गेटबाहेर चहाच्या टपरीवर मी शालूला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. वळण, माकडं, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. हातातला चहा तिने प्यायला नाही.

"आईनं विचारलं होतं तुम्हाले."

"हो."

"अन् तुम्ही 'होता' म्हणाले."

"हो."

"आई गेल्यावर सांगून राहिले, काका." ती चहा ओतून निघून गेली. परतीच्या वाटेवर ती पुढे बसली. सौंसरला मी उतरलो तेव्हा खिडकीतून म्हणाली, "रविवारी गावच्या घरी या. मले सांगतलं तसंच साऱ्याईले सांगा."

रविवारी दुपारी मी त्यांच्या खेड्यात गेलो. अंगणात सतरंजी टाकली होती. मारोतीचे चुलतभाऊ, शेजारी आणि गावातली जुनी माणसं आली होती. भिंतीवर मारोतीचा वर्दीतला फोटो होता, शेजारी वहिनींचा. मी उभं राहून सांगितलं. बसून सांगणं बरं वाटलं नाही.

त्याचा थोरला चुलतभाऊ जमिनीकडे पाहत म्हणाला, "आमी त्याले इतके साल हासलो, देवराव. शालूच्या लग्नातबी त्याच्यावरून जोक झाला. तू पंगतीत होता नं तेव्हा?"

मी होतो. मी मान हलवली.

बगीच्यात संत्र्यांची तोडणी व्हायची होती. कुंपणाजवळच्या आंब्यावर एक वानेर येऊन बसलं आणि आमच्याकडे पाहू लागलं. शालूही त्याच्याकडे पाहत होती. तिने मान थोडी तिरपी केली. मग त्याच्या वतीने ती म्हणाली, "'सांगतलं का म्हाताऱ्यानं शेवटी? आमच्या भावकीनं तं तेव्हाच सांगतलं होतं.'"

कोणी हसलं नाही. तिने आईच्या फोटोकडे पाहिलं आणि पदराने डोळे पुसले.

पुढच्या झेंडावंदनाला कोणी बोलावलं तर मी शाल घेणार नाही. मुलांना एवढंच सांगेन. लान्स नायक मारोती सगळ्यांच्या पुढे होता. त्याने थांबायला सांगितलं. मी चालायला सांगितलं. तो चालला.