एका चुलीचं बिऱ्हाड

पिंपळझरीच्या जनपद हायस्कुलात मॅट्रिकची परीक्षा कोणी एकट्यानं देत नसे. केंद्र वर्ध्याला, वाट अठरा मैलांची. त्यामुळे १९५० साली पहिली अकरावी परीक्षेला बसली तेव्हापासून सगळा वर्ग बैलगाड्यांत ट्रंका, गाद्या आणि बारा दिवसांचा शिधा भरून एकत्र निघायचा, वर्ध्यात खोल्या घेऊन राहायचा. शाळेत याला ‘बिऱ्हाड’ म्हणत. निघायच्या सकाळी लिंबाखाली नारळ फुटे, हेडमास्तर प्रत्येकाच्या हाती नवा टाक देत, लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोला पडला की गाड्या हलत. सगळ्यांची प्रवेशपत्रं हेडमास्तरांच्या पत्र्याच्या डब्यात असत आणि केंद्राच्या दारात वाटली जात. डबा जिथं मुक्कामाला, तिथं बिऱ्हाड.

आठ वर्षांत या बिऱ्हाडात मुलगी गेली नव्हती, कारण अकरावीपर्यंत मुलगी पोचलीच नव्हती. १९५८ साली एक पोचली, सुलोचना. तिची आई तानाबाई दोन एकरांच्या मळ्यातली वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन आठवड्यातून दोनदा वर्ध्याचा बाजार करायची. नवरा बाबाराव मळा पाहायचा, गाडी आणि व्यवहार तानाबाईंकडे. त्यांना अक्षर येत नव्हतं. पोरीनं मॅट्रिक व्हायचं, एवढं मात्र त्यांनी ती पाचवीत गेली त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारीत शाळा समितीचे किसनराव म्हणाले, “पोरांच्या बिऱ्हाडात पोरगी कशी पाठवता? पुढच्या वर्षी पाहू.”

“पुढच्या वर्षी काय, ते पोरगा होईन का?” तानाबाईंनी विचारलं. “बिऱ्हाडात बाई नाई, हेच ना तुमचं? मी येतो स्वयंपाकाले.”

हेडमास्तर मनोहररावांनी लगेच मान डोलावली. आदल्या वर्षीचा स्वयंपाकी चौथ्या दिवशी पळून गेला होता आणि पोरांनी बीजगणिताचा पेपर चिवड्यावर दिला होता. किसनरावांनाही ते आठवत होतं. तेही हो म्हणाले. मग उठता उठता त्यांनी सहज सांगितलं, “अन् दुसऱ्या चुलीचं तुम्ही नका पाहू. तिचं ते पोट्टे पाहतात.”

दुसरी चूल हीही बिऱ्हाडाची रीतच होती. सगळ्यांची चूल घरात आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या पोरांची परसात. त्यांनी आपलं आपण रांधायचं. पंगत संपून बाकीचे पुस्तक उघडत तेव्हा हे भांडी घासत असत. छप्पन साली ती वस्ती बौद्ध झाली. या वर्षी तिथले तिघं परीक्षेला होते. त्यातल्या हरिदासनं, जो वर्गात पहिला होता, मनोहररावांना आधीच सांगून ठेवलं होतं, “सर, आम्ही वेगळी चूल मांडणार नाही. पंगतीत बसवलं तर जेवू, नाही तर फुटाणे खाऊन पेपर देऊ.”

किसनरावांचं ऐकून तानाबाई घरी आल्या. आल्या आल्या तूर निवडायला बसल्या. सुलोचनाच्या कानावर सगळं आलंच होतं.

“आई, तू हो म्हण. आधी परीक्षा तर होऊ दे.”

“तुह्या पट्टीचं काय झालं?”

“कोणत्या?”

“दरवाज्यापाशी तू एकटीच बसतं, ते टाटपट्टी. मास्तर म्हणे, थोडे दिवस बसू द्या, मंग पाहू. सात वर्षं झाले. पाह्यलं का कोणी?”

तानाबाईंनी सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या शाळेत गेल्या. “चूल एकच राहीन,” त्यांनी सांगितलं. “माह्यानं दोन होत नाई.”

“तानाबाई,” किसनराव म्हणाले, “पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे. जरा विचार करा.”

“केला. म्हणून तं सकाळी आलो. रात्रीच आलो असतो तं तुम्ही म्हटलं असतं, बाई रागात हाय.”

“मग आम्ही दुसरा स्वयंपाकी पाहतो. आणि बिऱ्हाडाबाहेर राहणाऱ्याले शाळा प्रवेशपत्र देत नसते. ते डब्यातच राहीन.”

मनोहरराव खिडकीबाहेर पाहत होते. त्यांच्या पेन्शनीला दोन वर्षं उरली होती.

“डबा कोठी जाईन ते पाहू,” तानाबाई म्हणाल्या. “वर्ध्याले नालवाडीत रुख्माबाई म्हणून माह्या वळखीची हाय. तिच्या दोन खोल्या अन् पडवी म्या बोलून ठेवली. माही गाडी लिंबाखाली उभी राहीन. ज्याले याचं त्यानं यावं.”

बाबारावांना हे कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बैलांचा कडबा घेऊन जाजो. वर्ध्यात महाग भेटते.”

निघायच्या सकाळी लिंबाखाली दोन गाड्या होत्या. एकीत किसनरावांनी आणलेला स्वयंपाकी विडी ओढत बसला होता. दुसरीत तानाबाई, सुलोचना, कडबा आणि मोठं पातेलं. नारळ फुटला. टाक वाटून झाले. सुलोचनालाही मिळाला. सतरा पोरं ट्रंका घेऊन उभी.

हरिदास आणि त्याच्या दोघा सोबत्यांनी ट्रंका तानाबाईंच्या गाडीत चढवल्या. मग बराच वेळ कोणी हललं नाही. शेवटी पाटलाच्या घरचा एक लठ्ठ पोरगा पुढं आला.

“काकू, वांग्याची भाजी राहीन का?”

“राहीन. पण तुले पुरन का, सांगता येत नाई.”

पोरं हसली. त्याची ट्रंक चढली आणि तिच्यामागं आणखी आठ. पाच पोरं किसनरावांच्या गाडीपाशी थांबली. पत्र्याचा डबा मनोहररावांच्या काखेत होता आणि ते दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभे होते.

“मास्तरजी,” तानाबाईंनी आवाज दिला, “ऊन चढून राह्यलं. डबा कोठी ठेवता?”

मनोहररावांनी पोरांच्या ट्रंका मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. “इकडं बारा आहेत, किसनराव,” ते म्हणाले आणि डबा तानाबाईंच्या पातेल्याशेजारी ठेवला. रुळावर टोला पडला.

नालवाडीच्या पडवीत बारा दिवस एकच पंगत बसली. तिसऱ्या दिवशी त्या पाचांतले दोघं ‘भूगोलाचं विचारायचं आहे’ म्हणून आले आणि जेवून गेले. मग राहिलेच. उरलेले तिघं शेवटपर्यंत आले नाहीत. प्रवेशपत्रं त्यांनाही रोज वेळेवर मिळाली. निकालात ते तिघंही पास झाले. हरिदास शाळेत पहिला आला. सुलोचना तिसऱ्या वर्गात पास झाली, इंग्रजीत काठावर.

पुढच्या फेब्रुवारीत किसनराव मळ्यात आले. तानाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

“औंदा बिऱ्हाडाचं कसं करता, तानाबाई?”

“माह्या पोरीची परीक्षा झाली. आता मी काऊन येऊ?”

किसनरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “आमची पुतणी आहे अकरावीत. गोपिका.”

“मंग चुली किती?”

“तुम्हाले माहीत आहे.”

“मले माहीत हाय. तुमच्या तोंडानं सांगा.”

“एक,” किसनराव म्हणाले.

तानाबाईंनी जुडीला गाठ मारली. “मच्छरदाणी घेजो म्हणा तिले. नालवाडीत मच्छर लय.”