वापस लावून आयकलं का?

वसंताच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडून माणसाचा आवाज आला, तेव्हाच मला कळलं. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्या नंबरवरून कधी आवाज येत नसे. वसंता फोन लावायचा आणि नखानं दोनदा टकटक करायचा. म्हणजे मी आहे, तू बोल. मग मी माझ्या मोहाडीच्या दुकानातल्या गमतीजमती सांगायचो, त्याला हसू आलं की तिकडून भराभर टकटक यायची. त्या दिवशी बाजार होता, ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्यांची दारापर्यंत रांग होती, आणि टकटकीऐवजी त्याच्या मुलीचा, पल्लवीचा आवाज आला. "काका..." एवढंच म्हणाली. मी तुमसरची बस धरली आणि तिथून चिखल्याला गेलो. वसंता जाऊन आज दीड महिना होतो आहे. लोक येतात, म्हणतात, सुटला बिचारा. सुटला असेल. पण त्याचा आवाज दोनदा गेला. पहिल्यांदा डॉक्टरांनी काढला, दुसऱ्यांदा मी घालवला. हे मला कुठंतरी लिहायलाच हवं होतं.

आमची ओळख भंडाऱ्याला शिकत असतानाची. मी पास होण्यापुरता संगणक शिकलो, वसंता त्यात बुडाला. वडील चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होते. हा खाणीत उतरला नाही, पण माल वाहणाऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या ऑफिसात वजनकाट्याच्या संगणकावर बसला. तिथला प्रोग्राम त्यानंच लिहिला होता. प्रोग्राम म्हणजे काही सर्वज्ञ नव्हे. छापायचं असेल, आवाज काढायचा असेल, फाइल हलवायची असेल, तर तो बाहेरच्या दुसऱ्या प्रोग्रामला हुकूम सोडतो. बाहेरचा ते काम करतो आणि जाताना एक आकडा सांगून जातो. शून्य म्हणजे झालं, दुसरं काही आलं म्हणजे फसलं. एकदा छपाईयंत्रातला कागद संपला, वसंताचा प्रोग्राम मात्र दर ट्रकमागे 'पावती झाली' म्हणत राहिला, आणि सहा ट्रक पावतीविना निघून गेले. त्या दिवसापासून प्रत्येक हुकमानंतर तो आकडा विचारायचाच, असा त्यानं नेम केला आणि मला तो ऐकवून ऐकवून जीव नको केला. "धानाच्या रोवन्याले बाया सांगतल्या, तं बांधीत आल्या का नाई, थे पाह्याले नको का गा? नुसतं सांगतलं म्हणजे काम होते का?" मी म्हणायचो, "हो गुरुजी."

तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यालाही होता, मलाही. माझा सुटला, त्याचा सुटला नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की घशाचा कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, तेव्हा तो तिथून परस्पर माझ्या दुकानात आला. रडला वगैरे नाही. म्हणाला, "बारा दिवस हायेत. मायावाला आवाज भरून ठेवू." मी म्हटलं, मोबाइलमध्ये तयार बोलणारे आवाज असतात, ते वापरू. त्यानं एक ऐकला आणि मान हलवली. "हा साहेब हाय. हा माया घरी 'मले पानी दे' म्हनल, तं शोभा डोक्यावर पदर घेऊन उभी राह्यल." मग रोज दुपारी आम्ही शटर खाली ओढायचो, आवाज नको म्हणून पंखा बंद करायचो आणि त्या उकाड्यात घामानं निथळत एकेक शब्द भरायचो. मले, तुले, पानी, दुखते, जाय, बस, काहून. जवळजवळ चारशे शब्द. प्रत्येक शब्दानंतर तो विचारायचा, "वापस लावून आयकलं का?" 'पल्लवी' हा शब्द त्यानं तीनदा भरला: एक हाक मारायला, एक रागवायला आणि एक लाडाचा. लाडाचा भरताना माझ्याकडे पाठ केली होती.

ऑपरेशननंतर त्यानं अंथरुणावर पडल्या पडल्या प्रोग्राम लिहिला. तो लॅपटॉपवर वाक्य टाइप करायचा, प्रोग्राम एकेका शब्दाची फाइल शोधायचा आणि ती वाजवायला बाहेरच्या प्रोग्रामला सांगायचा. पहिल्या दिवशी तो एक गोष्ट विसरला. एक शब्द वाजून संपेपर्यंत प्रोग्रामनं थांबायला हवं, हे लिहायचं राहिलं. त्यानं मोठ्या हौशीनं वाक्य टाइप केलं आणि सगळे शब्द एकदमच वाजले. शोभावहिनी म्हणाल्या, "घरात बाजार भरला जी!" वसंता इतका हसला की श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र शिट्टी वाजवायला लागलं. मग ते दुरुस्त केलं, आणि चिखल्याच्या त्याच्या घरात त्याचा आवाज पुन्हा नांदायला लागला. शब्दाशब्दांत जरा थांबून, पण त्याचाच.

पुढं लॅपटॉप भरला, अडकायला लागला. मी म्हटलं, दे इकडे, मी करतो साफ. त्याच्याच घरी, त्याच्याच खाटेवर बसून मी दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला: सगळ्या आवाजांची बाहेरच्या डिस्कवर नक्कल कर आणि मग इथल्या फाइली काढून टाक. डिस्कची वायर ढिली होती. नक्कल करणारा प्रोग्राम गेला आणि फसलो म्हणून आकडा घेऊन परत आला. माझ्या प्रोग्रामनं तो आकडा विचारलाच नाही, कारण मी तो विचारायला लिहिलंच नव्हतं. 'झालं' असं पडद्यावर आलं. मी चहा प्यायलो. वर पल्लवीनं मोबाइल भरलाय म्हटलं, म्हणून तिचे सगळे फोटो त्या मोकळ्या झालेल्या जागेत टाकले. जे काही परत निघालं असतं, तेही त्याखाली गेलं. दुकानातल्या संगणकावरचं मूळ रेकॉर्डिंग तर मी आधीच काढून टाकलं होतं... वसंताकडे आहेच की, म्हणून.

संध्याकाळी त्यानं 'चहा' टाइप केलं. काही वाजलं नाही. पुन्हा केलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी डिस्क लावली, काढली, पुन्हा लावली. त्यानं लॅपटॉप ओढून घेतला, माझा प्रोग्राम उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला. त्याला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं फक्त माझ्या दहा ओळींच्या मध्ये दोन ओळी घातल्या: नक्कल झाली का ते विचार, झाली नसेल तर थांब. मी म्हटलं, "आता कायले, वसंता? आता काय राह्यलं?" त्यानं वहीत लिहिलं, 'दुसऱ्याचं जाऊ नये.'

मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्यानं ते उचललं नाही, आणि ढकललंही नाही. मी नागपूरला, भंडाऱ्याला, जिथं कुणी फाइली परत काढून देतो म्हणालं तिथं तो लॅपटॉप घेऊन फिरलो. सगळ्यांनी एकच सांगितलं. पुढचा महिनाभर, जाईपर्यंत, पल्लवीला बोलवायला तो स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायचा. हाक, राग, लाड, सगळ्याला एकच ठणठण. मी घरात असलो की ती धावत जायची आणि माझ्याकडे बघायची नाही. मी देवाला सांगून पाहिलं की माझा आवाज घे. असं कुणी घेत नाही.

तेरवीनंतर वहिनींनी लॅपटॉप माझ्या हातात दिला. "पाहा भाऊजी, एखादा तरी शब्द निघते का." त्यातून काही निघालं नाही. पण मागच्या आठवड्यात माझा जुना मोबाइल सापडला. पहिल्या दिवशी संगणकात शब्द भरताना, आवाज कसा येतो ते पाहायला, आम्ही तोही थोडा वेळ चालू केला होता. नऊ सेकंदांची एक क्लिप. शटरबाहेर कुणी गिऱ्हाईक थाप मारतंय. वसंता म्हणतो, "वापस लावून आयकलं का गा? बराबर आलं?" आणि मी म्हणतो, "हो हो, आलं. पुढचा घे." मी ऐकलं नव्हतं. मला पक्कं आठवतं, मी शटरकडे बघत होतो.

ती क्लिप घेऊन चिखल्याला गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या. पल्लवीनं मोबाइल कानाशी धरला, दोनदा ऐकलं.

"काका, याच्यात माहं नाव नाई का?"

"नाई, बाई."

तिनं पुन्हा लावलं. खिडकीत तो पेला होता, चमचा त्यातच. कुणी तो घासायला नेला नव्हता.

आता सकाळी दुकान उघडलं की रांग लागायच्या आधी मी ती क्लिप लावतो. तो विचारतो, "वापस लावून आयकलं का गा?" नाही रे, नाही ऐकलं, थांब, असं मला म्हणायचं असतं. रोज म्हणायला जातो. पण मी तोंड उघडायच्या आत त्या क्लिपमधला मी 'हो हो' म्हणून मोकळा झालेला असतो.