तोंडोतोंड भरलेली टाकी

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी अण्णांची बस पुलगेटजवळ बंद पडली. अण्णा म्हणजे माझे वडील. हडपसरच्या एका कारखान्याची स्टाफ बस ते चालवायचे. बस रात्री धायरीत आमच्या घराजवळच उभी असायची. पहाटे निघायचं, सिंहगड रस्त्यानं माणसं घेत घेत स्वारगेट, मग पुलगेट, मग हडपसर, आणि सातच्या पाळीला माणसं कारखान्याच्या दारात. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीमुळे कुणाची हजेरी उशिरा लागली नव्हती. हे ते स्वतः कधी बोलून दाखवायचे नाहीत, पण दुसऱ्या कुणी बोलून दाखवलं तर थांबवायचेही नाहीत.

त्या सोमवारी गाडी आधी ओढेनाशी झाली. अॅक्सिलरेटर दाबावा तर वेग वाढायच्या ऐवजी कमी होतोय. मग दोनचार गचके, आणि शांत. अण्णा खाली उतरले, काठी घालून टाकीत डिझेल पाहिलं, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला आणि पाइपात शिरलेली हवा काढली. पंधरावीस मिनिटांनी गाडी सुरू झाली ती जणू काही झालंच नव्हतं अशी. गुरुवारी पुन्हा तेच. पुढच्या सोमवारी पुन्हा.

अण्णांच्या निवृत्तीला तेव्हा तीन महिने उरले होते. वाहतूक विभागाच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. साहेब पेठेतले, आवाज न चढवता बोलणारे. ते म्हणाले, "अहो, गाडी बंद पडायचे वार ठरवूनच घेतलेत का तुम्ही? नाही, म्हणजे आम्हाला त्याप्रमाणे पाळ्या लावता येतील." आणि मग तितक्याच शांतपणे सांगितलं, की आणखी एकदा माणसं रस्त्यावर उभी राहिली तर बस दुसऱ्या ड्रायव्हरकडे जाईल आणि अण्णांनी उरलेले महिने गेटजवळच्या खोलीत किल्ल्या सांभाळायच्या.

घरी येऊन अण्णांनी हे आईला सांगितलं, मला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं. "किल्ल्यांच्या खोलीत बसायला माझं काय डोळं गेलंत, का हात गेलंत?" एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. पण भाकरी अर्धीच खाल्ली.

आता माझ्याविषयी. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. अण्णा चौथी, आई तेवढीही नाही, चुलत्यांपैकी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. आणि पदवी घेतली तीही मेकॅनिकल इंजिनिअरिंगची. वर्गात आम्ही मुली दोघीच. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे, तो लपवण्यात मला काही विनय वाटत नाही. भोसरीच्या एका कंपनीत मी नुकतीच कामाला लागले होते. तर अण्णांची गाडी बंद पडते आणि घरात इंजिनिअर बसलेली आहे, असं असताना मी गप्प राहणं शक्यच नव्हतं.

मी अण्णांना तीनचार प्रश्न विचारले आणि निदान करून टाकलं: इंजेक्शन पंप. डिझेल मोजून, दाबानं नोझलकडे पाठवणारा पंप जुना झालाय, गरम झाला की आतून गळतो, दाब पडतो, गाडी मरते. थंड झाला की पुन्हा चालते. वहीवर आकृती काढून दाखवली. अण्णांनी आकृती नीट पाहिली, वही सरळ करून, पुन्हा उलटी करून. "तू म्हणतीस तर आसंल," म्हणाले. त्यांना पटलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. त्यांनी माझ्या पदवीला मान दिला होता.

त्या बुधवारपासून शनिवारपर्यंत, दुरुस्तीसाठी म्हणून, कारखान्यानं दुसरी बस दिली. पहिल्याच दिवशी अण्णा पंप उतरवून भवानी पेठेत घेऊन गेले. तिथे अण्णांचे जुने स्नेही मिस्त्री होते. पंप आणि नोझल दुरुस्त करणं एवढंच काम, तेही वडिलांपासून चालत आलेलं. अण्णा त्यांना मिस्त्री म्हणत, मी चाचा. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा आणि दिवाळीला त्याच डब्यातून आमच्याकडच्या चकल्या जायच्या. संध्याकाळी कामावरून परस्पर मी तिथे पोचले. चाचांनी पंप मशीनवर लावून फिरवला होता. काचेच्या सहा नळ्यांत डिझेल एका पातळीत उभं होतं. त्यांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, की पंप खराब आहे हे कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी.

"पंप ठणठणीत आहे, बेटा," ते म्हणाले. "डॉक्टर बदलून बघा."

अण्णा भिंतीकडे बघून हसले. मला राग आला, पण त्या सहा नळ्यांशी भांडता येत नव्हतं.

चाचांनी मग चहा मागवला आणि मला एक गोष्ट सांगितली. शिकलेली माणसं इंजिनाकडून टाकीकडे येतात, म्हणाले, कारण पुस्तकात इंजिन आधी असतं. डिझेल मात्र टाकीतून निघतं. तू डिझेलबरोबर चाल. आणि टाकीवर संशय असेल तर टाकीला काही दिवस सुट्टी दे. डिझेलचा कॅन गाडीत उंचावर बांध, त्यातून नळी थेट लिफ्ट पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, जोड आणि गाडी पळव. चालली, तर दोष टाकीपासून त्या पंपापर्यंत. नाही चालली, तर पुढे. मी चार वर्षं शिकले त्यात हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं. मी ते तिथेच, चहाचा ग्लास मांडीवर ठेवून, लिहून घेतलं.

रविवारी कारखान्याला सुट्टी, आणि मी कंपनीतून रजा घेतली. अण्णांनी आणि मी कॅन बांधला आणि रिकामी बस धायरीहून हडपसरला नेऊन परत आणली. एकदाही अडखळली नाही. म्हणजे दोष मागे, टाकीच्या बाजूला. मग दुपारभर टाकी उतरवून धुतली. तळाशी थोडा गाळ होता, घाबरण्यासारखा नव्हता. टाकीतून निघणारा पाइप फुंकून पाहिला, स्वच्छ. तरी तो बदलला, फिल्टर बदलले, जोडांवरचे वॉशर बदलले. संध्याकाळी हात धुताना मी अण्णांना छातीठोकपणे सांगितलं की आता काम झालं.

सोमवारी मी भोसरीत होते. अण्णांनी नेहमीप्रमाणे पहाटे टाकी भरली, आणि गाडी पुलगेटच्या आधीच गचके खाऊ लागली. मात्र त्या दिवशी त्यांनी ती पूर्ण बंद पडू दिली नाही; रडतखडत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हडपसरला पोचवली. सातला चार मिनिटं कमी होती. माणसं रस्त्यावर उभी राहिली नाहीत म्हणून साहेबांचा शब्द अजून लागू झाला नव्हता. पण चार मिनिटं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना समजत होतं.

त्या रात्री मी चिडून नाही, तर हरून बसले, आणि कदाचित म्हणूनच नीट विचार करू शकले. साहेब जे टोमण्यात बोलले होते, ते खरंच होतं. सोमवार आणि गुरुवार. मी अण्णांची वही मागितली. त्यांना वही ठेवायची सवय होती. फेऱ्या, कुठे गर्दी, कोणत्या दिवशी डिझेल, सगळं बारीक अक्षरात. गाडी बंद पडली ते सगळे दिवस डिझेल भरण्याचे. एकही अपवाद नाही.

अण्णा म्हणाले, ते त्यांनाही दिसलं होतं. पेट्रोल पंपावरचं डिझेलच भेसळीचं असणार म्हणून त्यांनी मधे एकदा दुसऱ्या पंपावरही भरून पाहिलं होतं. पण तसं असतं तर तेच डिझेल मंगळवारी, बुधवारीही टाकीत होतं की. मग त्या दिवशी गाडी का पळते? फरक डिझेलात नव्हता, डिझेल किती आहे यात होता. गाडीतला डिझेलचा काटा मेलेला, म्हणून अण्णा टाकी नेहमी तोंडोतोंड भरायचे; भरलेली टाकी एवढं एकच माप त्यांना भरवशाचं वाटायचं. टाकी काठोकाठ असली की गाडी मरत होती, थोडी रिकामी झाली की चालत होती. का, ते मला कळत नव्हतं, पण उपाय डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं, अण्णा, अर्धीच भरा. रोज थोडी भरा. तीन महिने निघून जातील, कुणाला कळणारही नाही.

अण्णांनी वही माझ्या हातातून घेतली आणि मिटली. "मी जाईन. माझ्यामागं जो बसंल, त्यो भरंल की टाकी. आजार झाकून गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची, आसं मी केलं न्हाई कधी." मग वही फळीवर ठेवत, "आन् तू इंजिनिअर हायेस."

माझी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असायची. त्या गुरुवारी अण्णांनी गाडी दीड तास आधी काढली, म्हणजे बंद पडली तरी आत कुणी नसेल, आणि वेळेवर परत येऊन माणसं घेता येतील. पंपवाल्याला उठवून टाकी अगदी ओघळेपर्यंत भरली. मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. स्वारगेट गेलं, रस्ते रिकामे. पुलगेटपाशी गचके आले. मी म्हटलं, बंद पडू द्या. इतकी वर्षं ज्या गोष्टीची त्यांनी भीती बाळगली, ती त्यांना मुद्दाम करायला सांगत होते मी. त्यांनी पाय काढून घेतला.

आम्ही खाली उतरलो. अण्णा सवयीनं हातपंपाकडे वळले, मी त्यांना थांबवलं. डिझेलबरोबर चालायचं तर सुरुवात टाकीपासून. "आधी फक्त टाकीचं झाकण उघडा," मी म्हटलं. झाकण फिरेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, ते सैल झालं, आणि टाकीनं मोठा श्वास आत ओढला. बाहेर वाफ सुटावी तसा आवाज नव्हता तो. हवा आत जात होती. अण्णा दर वेळी काठी घालायला हे झाकण उघडायचे, पण ते नेहमी रहदारीच्या वेळी, मागे हॉर्न वाजत असताना. तो आवाज त्यांना कधी ऐकू आलाच नव्हता. आणि गाडी झाकण उघडल्यानं बरी व्हायची, श्रेय मात्र हातपंपाला मिळायचं.

मी झाकण हातात घेतलं. डिझेल जसं कमी होतं तशी तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते मी बोटानं शोधलं. सापडेना. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर झाकण आतूनबाहेरून चंदेरी, गुळगुळीत, नव्यासारखं. भोकाच्या जागी रंगाचा एक चकचकीत थेंब वाळून बसला होता. अर्धी रिकामी टाकी आतल्या मोकळ्या हवेवर भागवून नेत होती. काठोकाठ भरलेल्या टाकीत ती हवाच नव्हती, म्हणून लिफ्ट पंपाला डिझेल ओढताच येईना.

गाडी कुणी रंगवली होती, हे विचारायची गरज नव्हती. खंडेनवमीला सगळेच ड्रायव्हर गाडी धुतात, हार घालतात. हा आपला शेवटचा दसरा म्हणून अण्णांनी टाकी, चाकांचे नट, पायऱ्या सगळं स्वतः रंगवलं होतं, आणि झाकण काढून ते वेगळं.

अण्णांनी त्या थेंबावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "दोन हात मारलं होतं. एक हात कमी वाटला म्हणून."

मी ओढणीची पिन काढून भोक मोकळं केलं. हातपंप चारदा मारला, गाडी सुरू झाली. तशाच भरल्या टाकीनं आम्ही हडपसरपर्यंत गेलो, वळलो, धायरीला परत आलो आणि पहिल्या थांब्यावर वेळेच्या तीन मिनिटं आधी उभे राहिलो. मी तिथेच उतरून घरी गेले.

खरा प्रश्न नंतरचा होता. बिघाडाच्या नोंदवहीत कारण लिहावं लागायचं. 'झाकणाचे छिद्र बुजलेले आढळले' असं लिहा, मी सुचवलं होतं. खोटं नाही आणि अंगावरही येत नाही. अण्णांनी लिहिलं: 'चालकाने झाकणास रंग दिल्याने छिद्र बुजले. चूक चालकाची. दुरुस्त केले.' आणि खाली सही. चौथी शिकलेल्या माणसाचं ते वाक्य मी माझ्या पदवीनंतर इतक्या वर्षांत किती अहवालांत शोधलं. सहसा सापडत नाही.

साहेबांनी नोंद वाचली, अण्णांना समोर उभं करून. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे ते एवढंच म्हणाले, "गाडीवर इतकं प्रेम करू नये हो, तिला गुदमरतं." मग वही मिटून, सोमवारी टाकी भरूनच निघा, असं बजावलं. किल्ल्यांच्या खोलीचा विषय निघाला नाही.

त्या सोमवारी मी भोसरीत मशीनपाशी उभी होते, पण सातला चार मिनिटं असताना माझं लक्ष कामात नव्हतं. घरात फोन नव्हता. संध्याकाळी आले तर अण्णा ओट्यावर पाय सोडून बसलेले. मी विचारलं, पोचली का वेळेवर?

"न पोचायला काय झालं?" म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

चाचांना मी पुढच्याच गुरुवारी जाऊन सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले, आणि मग अण्णांना तीन दिवस भेटेल त्याच्यासमोर रंगारी म्हणत राहिले. अण्णांना ते चाललं. मी पुढे डिझेल इंजिनांतच राहिले; त्या झाकणानं मला जे शिकवलं ते नव्या मुलामुलींना शिकवून निवृत्त झाले. अण्णा ठरल्या तारखेपर्यंत त्याच बसवर होते. त्यांच्या शेवटच्या दिवसाविषयी मला लोक विचारतात, तेव्हा सांगण्यासारखं फारसं काही नसतं. टाकी भरलेली होती, माणसं वेळेवर पोचली, वाटेत काहीही बंद पडलं नाही.