वगळलेले प्रसंग

आमच्या घरी दत्तक मुलाची गोष्ट असलेला सिनेमा कधी सलग पाहिला गेला नाही. मध्ये चहा व्हायचा. बाकीच्या सिनेमांना हा नियम नव्हता. मारामारीचे, भुताखेतांचे, लग्नाच्या गोंधळाचे सिनेमे आम्ही एका बैठकीत संपवायचो. पण गोष्टीत एखादं मूल दुसऱ्या कुणाच्या घरी वाढत असलं, की एका ठरावीक जागी माझी बायको उठायची, "चहा टाकते" म्हणायची आणि मुलीला हाक मारायची, "चल गं, टोस्टचा डबा काढून दे मला." दोघी स्वयंपाकघरात गेल्या की मी रिमोट हातात घ्यायचो.

आमची मुलगी तेरा महिन्यांची असताना आमच्याकडे आली. ही गोष्ट तिच्यापासून लपवलेली नव्हती. ती बोलायला लागली तेव्हापासून तिला ठाऊक होती. तिला जन्म देणाऱ्या बाईबद्दल आम्हाला जेवढं माहीत होतं तेवढं तिलाही माहीत होतं, आणि ते फार थोडं होतं. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात मुलगी जन्मली आणि दोन-तीन दिवसांनी ती बाई बाळाला खाटेवर ठेवून निघून गेली. दाखल होताना दिलेलं नाव खरं नव्हतं, पत्ताही नव्हता. पोलिसांनी शोधलं, कुणी सापडलं नाही. ती दिसायला कशी होती, हेसुद्धा वॉर्डातल्या कुणाला सांगता आलं नाही. दत्तक देणाऱ्या संस्थेच्या ताईंना मी खोदून विचारलं होतं, उंच होती का, सावळी होती का. त्या म्हणाल्या, "भाईसाहब, जो पता ही नहीं, वो मैं कहाँ से बताऊँ." मला ते पटलं. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आकडेवारीचं काम करतो. माहिती नसेल तर रकाना रिकामा सोडायचा, अंदाजाने भरायचा नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

सिनेमे मात्र सगळे रकाने अंदाजानेच भरतात. माझी चीड तिथून सुरू व्हायची. मयूर विहारला आमच्या पॉकेटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मार्केटमध्ये डीव्हीडी भाड्याने देणारं एक दुकान होतं. शुक्रवारी ऑफिसातून येताना मी तिथून सिनेमा आणायचो. संध्याकाळी बायको मुलीला कथकच्या क्लासला घेऊन जायची तेवढ्यात तो एकटा बसून बघायचो, आणि शनिवारी दुपारी तोच सिनेमा आम्ही तिघं बघायचो. म्हणजे प्रत्येक सिनेमा मी दोनदा पाहिलेला आहे. त्या अधिकाराने सांगतो, दत्तक प्रकरणातलं यांना काहीही ठाऊक नसतं. बाळ नेहमी देवळाच्या पायरीवर सापडतं. कोर्टाचा निकाल एका दुपारीत लागतो. आमच्याकडे संस्थेच्या ताई तीनदा घर बघायला आल्या होत्या. त्यांनी फ्रिज उघडून पाहिला, तुम्ही दोघं भांडता का आणि कशावरून, असं विचारलं. बायकोने खरं उत्तर दिलं, की हे दुधाच्या पिशव्या मोजतात त्यावरून. असलं काही कुठल्या सिनेमात येत नाही. त्यात एकच गोष्ट हमखास येते. शेवटाकडे जन्मदात्री परत येते, पार्श्वसंगीत वाढतं, आणि मूल धावत जाऊन तिच्या गळ्यात पडतं. ज्यांनी वाढवलं ते दारात उभे असतात आणि कॅमेरा त्यांच्याकडे बघतसुद्धा नाही.

हा प्रसंग मी आमच्या घरात येऊ देणार नव्हतो. शुक्रवारी तो कुठे सुरू होतो ते लक्षात ठेवायचो आणि बायकोला सांगून ठेवायचो. "घड्याळ हरवतं ना, त्याच्या पुढे लगेच." शनिवारी घड्याळ हरवलं की ती उठायची. चहा येईपर्यंत मी सिनेमा पुढे नेलेला असायचा.

"मध्ये काय झालं?" मुलगी विचारायची.

"विशेष काही नाही. दोघी भेटल्या, बोलल्या."

हे खोटं नव्हतं.

त्या शनिवारच्या दुपारी आता आठवतात तेव्हा सिनेमे कमी आठवतात, खोली जास्त आठवते. जानेवारीत बाल्कनीतून येणारं ऊन दिवाणावर पडायचं. त्या उन्हाच्या तुकड्यात रजई पांघरून ती बसायची. पुढ्यात शेंगदाणे, सालं वर्तमानपत्रावर. उन्हाळ्यात कूलर इतका आवाज करायचा की संवाद ऐकू यायचे नाहीत, मग बायको दोन्ही बाजूंचे संवाद स्वतःच बोलायची आणि ते मूळच्यापेक्षा बरे असायचे. दिल्लीत आमचं जवळचं असं कुणी नव्हतं. नातेवाईक पुण्याला आणि मुंबईला. त्यामुळे शनिवारची दुपार पूर्ण आमची असायची.

माणसांची भेट व्हायची ती गणपतीत, महाराष्ट्र मंडळात. तिथे एक काकू होत्या, त्यांना प्रत्येक मूल कुणावर गेलंय ते ठरवल्याशिवाय प्रसाद गोड लागत नसे. मंडळात आम्ही नवीन होतो तेव्हा त्यांनी मुलीची हनुवटी धरून म्हटलं होतं, "डोळे अगदी बाबांचे हो."

बायको म्हणाली, "हो का? मला तर कुणाचेच वाटले नव्हते."

परत येताना मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, तुझे डोळे तर चष्म्यातच असतात. त्यांना दिसले कसे?" आम्ही हसलो. ती मात्र पुढे बराच वेळ खिडकीच्या काचेत स्वतःकडे बघत होती. तेव्हा मला वाटलं, पोर पेंगुळली आहे.

ती सातवीत असताना एका शनिवारी नेहमीसारखा सिनेमा लागला. गोष्ट एका डॉक्टर मुलीची होती. तिला आपण दत्तक असल्याचं कळतं आणि ती आईच्या शोधात गावोगाव फिरते. ती डॉक्टर एका बंद घराची कडी वाजवते, तिथे चहा ठरला होता. पडद्यावर कडी वाजली, बायको उठली.

"आई, बस ना," मुलगी म्हणाली. "आज चहा नको."

"अगं, मला हवाय."

"तुला नकोय. तू आत्ताच प्यायलीस." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि बाबा, रिमोट इकडे दे, यार. पुढे ढकलू नकोस."

बायको बसली. मी रिमोट दिला. तिला हे किती दिवसांपासून माहीत होतं, ते विचारायची हिंमत झाली नाही. दार उघडलं. आतून एक बाई आली, पन्नाशीची, पदराने हात पुसत. मग जे व्हायचं ते झालं. संगीत वाढलं, दोघी रडल्या. माझी बायकोही रडली. मुलगी रडली नाही. ती पुढे वाकून, डोळे बारीक करून, परीक्षेच्या हॉलमध्ये फळ्यावरचं वाचावं तशी त्या बाईकडे बघत होती. प्रसंग संपल्यावर तिने तो मागे नेला आणि पुन्हा लावला.

"तुला वाईट वाटेल म्हणून," मी म्हणालो, "म्हणून आम्ही ते—"

"मला माहितीय, का ते. तुम्हाला वाटतं मी पण अशी पळत जाईन." ती हसली. "कुठे जाणार? कुणाचा पत्ता आहे का? बाबा, मला पळायचं नाहीये. मला फक्त ती बाई बघायची असते."

"कुठली बाई?"

"कुठली पण. जिने दिलं ती. मला कुणी सांगू शकत नाही ना ती कशी दिसायची. फोटो नाही, काहीच नाही. अशी बाई मला फक्त सिनेमात दिसते. आणि तिथे बरोबर तू पुढे नेतोस."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघं इतकी वर्षं एका मुलीच्या धावत जाण्याला भीत होतो. तिला हवा होता एक चेहरा. तो जिथे मिळण्याची शक्यता होती तेवढीच मिनिटं आम्ही काळजीपूर्वक, वेळ बघून, काढून टाकली होती.

मे महिन्याची सुट्टी लागल्यावर मी ते सगळे सिनेमे पुन्हा आणायला सुरुवात केली. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, ये तो आप ले जा चुके हो."

"हाँ. कुछ हिस्से रह गए थे."

"डिस्क ख़राब थी क्या?"

"नहीं, डिस्क ठीक थी."

पूर्ण सिनेमा आम्ही परत बघितला नाही. फक्त वगळलेले प्रसंग बघितले, एकामागून एक, पडदे ओढून, कूलरसमोर. हिंदी, मराठी, खाली पट्टी येणारे परदेशी, जे जे आठवलं ते. मला जागा पाठ होत्या. मी सिनेमा बरोबर तिथे नेऊन थांबवायचो आणि मुलगी म्हणायची, "चलो, लाव." मग परीक्षण सुरू.

"ही नको. ही फार रडते."

"ही खूप श्रीमंत आहे. हिने का दिलं असेल मग? बिल्कुल नाही."

"हिचं नाक बघ, आई. हिचं नाक माझ्यात आलं असतं तर?"

"तर आम्ही तुला आणलंच नसतं," बायको म्हणाली, आणि दोघी दिवाणावर लोळून हसल्या. मी त्या वेळी असं हसायला तयार नव्हतो, पण कुणी मला विचारत नव्हतं.

सुट्टी संपत आली तेव्हा तिला ती सापडली. सिनेमा सामान्य होता, फारसा चाललाही नव्हता. त्यात मुलगी आपल्या जन्मदात्रीच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाते, ओळख सांगत नाही. ती बाई टेपने तिची मापं घेते. हाताचं माप घेऊन होतं, तरी ती परत तोच हात मोजते. तिला कळलं आहे, हे बघणाऱ्याला तेवढ्यावरून समजतं. मग विचारते, "बाही किती ठेवू?" बस्स. संगीतही नाही. काम करणारी नटी नावाजलेली नव्हती, गोल चेहऱ्याची, जरा थकलेल्या डोळ्यांची.

मुलीने तो प्रसंग तीनदा पाहिला. मग म्हणाली, "ही चालेल."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे, खरी कशी होती ते तर कळणार नाही. ही असेल असं धरू."

मला माझ्या कामाच्या शिस्तीप्रमाणे हरकत घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. बायको मात्र म्हणाली, "मी रडकी आहे, म्हणून न रडणारी शोधलीस का?"

"तू तर आहेसच, आई. तुला कुठे शोधायचंय? ही जास्तीची." आणि तिने आईच्या मांडीवर पाय टाकले.

तेव्हापासून त्या नटीला आमच्या घरात टेलरबाई म्हणतात. ती छोट्या कामांत सारखी दिसायची. कधी न्यायाधीश, कधी शेजारीण, कधी साबणाच्या जाहिरातीतली सासू. टीव्हीवर दिसली की मुलगी असेल तिथून ओरडायची, "आली!" आम्ही हातातलं काम टाकून जायचो. "बरी दिसतेय," बायको म्हणायची. "वजन वाढलंय," मी म्हणायचो. "बाबा, तू तुझं बघ." कॉलेजला गेल्यावर ओरडणं थांबलं, फोनवर निरोप यायला लागले. दुकान बंद पडलं, डीव्हीडीचं यंत्र भंगारवाल्याने नेलं, दिवाण बदलला. टेलरबाई टिकली. दोन वर्षांपूर्वी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. अजूनही कधी दुपारी फोन येतो, "आई, मराठी चॅनेल लाव, पटकन." मग दोघी फोन कानाला लावून, दोन गावांत एकच मालिका बघतात. असल्या फोनवर मी बोलत नाही, पण पेपर खाली ठेवतो.

या दिवाळीला ती आली होती. नोएडाच्या एका मॉलमध्ये आम्ही तिघं सिनेमाला गेलो. टेलरबाई त्यात आहे हे तिला माहीत होतं, म्हणूनच गेलो. काम मोठं होतं, नायकाच्या आत्याचं. केस पूर्ण पांढरे केले होते. मध्यंतराच्या जरा आधी आत्या आजारी पडते आणि रुग्णालयाच्या खाटेवर मरते. लांबवलेलं मरण होतं ते. मी आधी सिनेमा बघितलेला नव्हता, त्यामुळे कुणाला काही सांगून ठेवलं नव्हतं.

दिवे लागले तेव्हा मुलगी बसूनच होती. बायकोने तिचा हात धरला होता. मी इतक्या वर्षांत तिला सिनेमात रडताना पाहिलं नव्हतं.

"अगं, सिनेमा आहे," बायको म्हणाली.

"मला माहितीय, आई." तिने नाक पुसलं. "पण खरी जी होती, ती पण आता हिच्याच वयाची असेल ना. ती गेली तरी आपल्याला कळणार पण नाही."

ती म्हणाली ते बरोबर होतं. मी फोन काढला आणि त्या नटीचं नाव शोधलं. वाचायला थोडा वेळ लागला, अक्षरं बारीक होती. मग सीटच्या हातावरून तिच्याकडे झुकलो.

"डिसेंबरात तिचा अजून एक सिनेमा येतोय," मी म्हणालो. "आणि एक शूटिंग चालू आहे. भोपाळला."

"नक्की?"

"दोन ठिकाणी बघितलं."

तिने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचलं, तारीख बघितली. "तिसरा आठवडा," ती म्हणाली. "आई, मी तेव्हा रजा टाकते."